पाचवा पाट

"हे वाचणार कोण?"

अंबुजाक्कांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. ओळखपाळख नाही, कुठून आलात नाही, प्रवास कसा झाला नाही. पुण्यात महिनाभर खपून केलेली चित्रं मी पुठ्ठ्याच्या नळीतून काढून टेबलावर पसरली, चारी कोपऱ्यांवर कॉफीचे पेले ठेवले आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. समितीतले सगळे माना डोलावत होते. मान डोलावणारी बाहुली तंजावूरलाच का मिळते, ते मला त्या बैठकीत कळलं. एकच बाई मान न हलवता बसली होती. सत्तरीची, काटक, निळं सुती लुगडं, मांडीवर काळी छत्री आणि बोटांच्या पेरांवर पांढरी भुकटी. तिने चष्मा नाकावर खाली ओढला, माझ्या 'आपले सहर्ष स्वागत आहे' या ओळीवर बोट ठेवलं आणि हा प्रश्न टाकला.

"मराठी लोक वाचतील," मी म्हणालो.

"कोठले?"

"इथलेच."

"एथले मराठी लोकं हें वाचत नाहींत, पुणें. तू वाचशील, मी वाचीन. दोघांसाठी एवढी मोठी भिंत कशास?"

त्या दिवसापासून माझं नाव 'पुणें' पडलं. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, भलताच राग आला. पाट्यांच्या गावचा मी माणूस, पाट्यांवरच पोट भरणारा, आणि ही कोण बाई मला वाचणारा शिकवणार? पण त्यांचं म्हणणं खरं होतं आणि ते समितीत सगळ्यांना माहीत होतं, हे त्याहून वाईट. तंजावूरच्या मराठी घरांत अजून मराठी बोलतात. तीही अशी की आपण शाळेतल्या कवितेत वाचलेले 'मज' आणि 'तुज' तिथे सांबार वाढताना ऐकू येतात. पण शाळा तमिळ, दुकानं तमिळ, नोकरी इंग्रजी. देवनागरी वाचणारं माणूस दहा घरं फिरल्यावर एखादं. पिढ्यान्‌पिढ्या ही माणसं आपली मराठी लिहायची वेळ आली तर तमिळ अक्षरांत लिहितात. वाण्याची यादी, मुलीला पत्र, देवाचं गाणं, सगळं. अंबुजाक्का म्हणायच्या, "पणज्याची मोडी, आजोबांची बाळबोध, आईची तमिळ. अक्षरं बदललीं, जीभ तीच अहे."

काम काय होतं ते सांगतो. राजवाड्यामागच्या एका गल्लीत, जुन्या छापखान्याच्या जागेत, काही हौशी मंडळींनी साहित्याची संस्था काढली होती. तमिळ, मराठी, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी या पाच भाषांचं वाचन एका छपराखाली. शनिवारी संध्याकाळी जमायचं, ज्याने त्याने आपल्या भाषेत वाचायचं, मग कुणीतरी ते दुसऱ्यांना समजावून सांगायचं. गल्लीतले लोक त्या जागेला 'पुस्तकवीडु' म्हणत, म्हणजे पुस्तकांचं घर. सेल्वी मॅडम तिच्या सचिव, कॉलेजातून निवृत्त झालेल्या तमिळच्या प्राध्यापक. अध्यक्ष खंडेराव. त्यांची ओरत्तनाडूकडे मोठी शेती आणि तंजावुरात बंगला. या संस्थेला चेहरा द्यायचा होता. बोधचिन्ह, दर्शनी भिंत, खोल्यांच्या पाट्या, पत्राचा कागद. महाराष्ट्रातलाच माणूस बोलवा, हा हट्ट खंडेरावांचा. म्हणून मी.

आणि अंबुजाक्का का? तर भिंत रंगवायला गावात त्यांच्याइतका चांगला हात नव्हता म्हणून. त्यांचे वडील पाट्या रंगवत. त्या स्वतः मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत आणि शाळा सुटली की शिडी घेऊन बाजारात जात. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा मूर्खासारखं विचारलं. "शिडी कोण धरील म्हणून पाहत राहिलें. कोणी धरिली नाही," म्हणाल्या आणि रंग ढवळायला लागल्या.

त्यांची काम करायची एक रीत होती. पाटी रंगवण्याआधी त्या ती खडूने भिंतीवर लिहीत, तीही पूर्ण मापात. मग रस्ता ओलांडून समोरच्या घराच्या ओट्यावर छत्री उघडून बसत. सकाळभर. जो येईल जाईल त्याला हाक मारून विचारत, "समोर काय लिहिलं अहे, वाच." भाजीवाली, टपाल वाटणारा, नातवाला शाळेत सोडून परतणारे आजोबा, कुणालाही सुटका नव्हती. आजोबांवर तर विशेष लोभ. एखादा अडखळला की अंबुजाक्का उठून पदराच्या टोकाने ते अक्षर पुसत आणि पुन्हा काढत. अडखळणाऱ्याला कधी बोलल्या नाहीत. "तो चुकत नाही, अक्षर चुकतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी इतकी वर्षं चौकोनात चौकोन बसवत होतो. माझं काम वाचायला लावून कोपऱ्यात बसायची छाती मला कधी झाली नव्हती.

फ्लेक्सचा त्यांना मनस्वी तिटकारा. त्यांच्या घराजवळच्या औषधाच्या दुकानदाराने जुनी रंगवलेली पाटी काढून फ्लेक्स लावला. त्यावर दुकानाचं नाव कोपऱ्यात आणि मालकाचा हसरा चेहरा दोन हात उंच. अंबुजाक्का भर गर्दीत दुकानासमोर उभ्या राहिल्या आणि तमिळमध्ये ओरडून विचारलं, "अरे, इथे तोंडं विकायला ठेवलीत का औषधं?" दुकानदाराची आई त्यांची विद्यार्थिनी, त्यामुळे त्याला उलटून बोलायची सोय नव्हती. तो नुसता हसला. बाईंनी त्या दिवसापासून आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या टाउन बसने चार थांबे पलीकडे जाऊन आणायला सुरुवात केली. भर उन्हात, छत्री घेऊन. तंजावूरचं ऊन म्हणजे काय ते मी सांगत बसत नाही. डॉक्टरांनी उन्हात फिरू नका म्हटलं तर म्हणाल्या, "मग त्यास सांगा तो फ्लेक्स उतरवायला." वर्षभर हे चाललं. शेवटी दुकानदारच हात जोडून घरी आला. बाईंनी रंगवून दिलेली त्याची पाटी अजून तिथे आहे. रस्त्याच्या पार टोकावरून वाचता येते, मी वाचली आहे.

माझ्या बोधचिन्हाचंही त्यांनी असंच केलं. पाच लिपींची पाच अक्षरं एकमेकांत गुंफून मी एक वेल केली होती. मला ती फार आवडायची. अंबुजाक्कांनी कागद उभा धरला, आडवा धरला.

"ही जाळी अहे. माशा येऊं नयेत म्हणून खिडकीस लावतात."

"आक्का, यात भाषांची एकी आहे."

"गळ्यांत गळा घालून कोण बसतं? पंगतींत कसं बसतों आम्ही? आपापल्या पाटावर. पाट अस्के एका मापाचे. वाढणं एकच."

अस्के म्हणजे सगळे. आणि तिथेच त्यांनी खडूने टेबलावर पाच आडवे आयत काढले. एकाच लांबीचे, एकाच उंचीचे, शेजारी शेजारी. मी दोन दिवस फुरंगटून बसलो आणि तिसऱ्या दिवशी तेच चिन्ह केलं. पाच रंगांचे पाच पाट. दर्शनी भिंतीवर प्रत्येक पाटात एका भाषेत स्वागत. सेल्वी मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याच दिवशी पत्राचे कागद छापायला टाकले. मी चिन्हाखाली स्वतःचं नाव घालू दिलं नाही, एवढी लाज माझ्यात होती.

चार पाट चटकन भरले. प्रत्येक भाषेचं स्वागत अंबुजाक्कांनी त्या त्या घरी जाऊन आणलं. दार उघडल्यावर तुमची आई काय म्हणायची, हा एकच प्रश्न त्या विचारत. उर्दूचे एक म्हातारे मास्तर तर यावर उठून आपल्या दाराशी जाऊन उभे राहिले. मग त्यांनी दोन शब्द सांगितले आणि डोळे पुसले. पाचवा पाट मराठीचा. तिथे गाडी अडली.

खंडेरावांना तिथे माझंच वाक्य हवं होतं. 'आपले सहर्ष स्वागत आहे', देवनागरीत, ठसठशीत. उद्‌घाटनाला महाराष्ट्रातून पाहुणे यायचे होते. अंबुजाक्कांना हवं होतं ते वेगळं. 'आलांत? आंत या, बसा.' आणि तेही तमिळ अक्षरांत.

"हे काय स्वागत आहे?" खंडेराव माझ्याशी इंग्रजीत म्हणाले. "हे स्वयंपाकघरातलं बोलणं. तेही तमिळ अक्षरांत. तमिळमध्ये ब आणि प एकाच अक्षराने लिहितात. पाहुणे हसतील."

"आमचीं माणसं अडत नाहींत," अंबुजाक्का मराठीत म्हणाल्या. "तीं बसा म्हणून वाचतील आणि बसतील."

"आक्का, आमची भाषा शुद्ध अहे हें एकदां तरी दिसूं दे."

"तूप शुद्ध असतं, खंडेराया. बोलणं तोंडांतलं असतं."

खंडेराव वाईट माणूस नव्हता, हे मी आवर्जून लिहितो. तो लहान असताना महाराष्ट्रातल्या एका लग्नात त्याच्या बोलण्याला अख्खा मांडव हसला होता. त्याने स्वतः मला हे सांगितलं, हसत हसत, पण पेला ठेवताना कॉफी सांडली. त्याला पुन्हा स्वतःचं हसं करून घ्यायचं नव्हतं. त्यासाठी तो त्याला स्वतःला वाचता न येणारी पाटी लावायला तयार होता.

अंबुजाक्कांचा हट्ट मात्र कुठून आला ते मला त्यांच्या घरी कळलं. एका दुपारी कॉफी झाल्यावर त्यांनी कपाटातून एक वही काढली. मळकट कापडी बांधणीची, तमिळ अक्षरांनी गच्च भरलेली. मला त्यातलं अक्षर कळेना. मग त्या वाचू लागल्या आणि मी ताठ झालो. ती मराठी होती. लोणच्याची कृती, बाळंतिणीची औषधं, ओव्या, शेजारणीशी झालेलं भांडण, सासूला सांगता न आलेल्या गोष्टी. त्यांच्या आईने वीसेक वर्षं लिहिलेली वही.

"एकदां तुमच्याकडले कोणी पंडित आलते. जुनीं कागदं पाहायला. आईने हौसेने वही दाखविली. त्यांनी दोन पानं चाळलीं आणि म्हणाले, बाई, ही मराठी नव्हे. हसले. पेढा खाल्ला आणि गेले." अंबुजाक्कांनी वहीचं शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. अर्ध्या पानावर ओळ थांबली होती. पुढची सगळी पानं कोरी. "त्यानंतर तिने एक अक्षर लिहिलं नाही. बारा वर्षं जिवंत होती. वाण्याची यादी देखील तोंडी सांगायची. मी आठ वर्षांची होतें. पेढ्याचं ताट मींच धरिलं होतं."

त्या पंडिताचा मी वारसच होतो, नळीत गुंडाळलेलं 'सहर्ष' घेऊन आलेला. मला माझी मनापासून शरम वाटली.

"ही ओळ तिची अहे," त्या म्हणाल्या. "कोणी दारांत आलं कीं ती म्हणायची. आलांत? आंत या, बसा. मज ती भिंतीवर हवी. एवढंच हवं. मग मी मेलें तरी चालेल."

"असं बोलू नका."

"बरं, नाही बोलत. लिहिल्यावर बोलेन."

बैठकीत मात्र त्या हे कधीही बोलल्या नाहीत. मी सांगू का म्हटलं तर छत्री उगारली. "कींव नक्को. ओळ बेस अहे म्हणून लागली पाहिजे."

यानंतर जे झालं त्यात चूक सर्वस्वी माझी. आतल्या खोल्यांच्या पाट्यांवर चार भाषा रंगवलेल्या होत्या आणि देवनागरीच्या धातूच्या पट्ट्या मी चेन्नईहून कापून आणवल्या होत्या. त्यावर खंडेराव आणि अंबुजाक्का दोघांचाही होकार होता, एकाचा आनंदाने आणि एकीचा नाइलाजाने. पट्ट्या खोकं भरून आल्या. कोणती कुठे हे कळावं म्हणून प्रत्येकीच्या मागे मी आकडा घातला होता. तोही देवनागरीत, कारण मी कुठेही गेलो तरी पुण्यातच असतो. पट्ट्या बसवायच्या दिवशी मला दुसऱ्या एका कामासाठी त्रिचीला जावं लागलं. बसवणाऱ्याला आकडे वाचता येईनात. त्याने खोक्यातून जी पट्टी हाताला आली ती समोर दिसलेल्या दारावर ठोकली.

तीन दिवसांनी परतलो तो काय! मुख्य वाचनकक्षाच्या दारावर चार भाषांत 'वाचनकक्ष' आणि खाली चकचकीत धातूत 'स्वच्छतागृह'. स्वच्छतागृहावर 'अध्यक्ष'. जिन्याखालच्या अडगळीवर 'काव्यवाचन'. आणि वाचनकक्षाच्या पट्टीला चंदन-कुंकू लावलेलं, वर झेंडूचा हार. तो हार खंडेरावांनी स्वतः घातला होता. त्या पट्टीखाली उभं राहून समितीचा फोटोही काढून झाला होता. तीन दिवस पाच भाषांचे दर्दी लोक त्या दारांतून ये-जा करत होते. मराठी घरांतले पंधरा-वीस जण मुद्दाम 'आपली अक्षरं' बघायला येऊन गेले, हात लावून गेले. एकानेही काही म्हटलं नाही.

मी धावत बाहेर आलो. समोरच्या ओट्यावर छत्री उघडून अंबुजाक्का शेंगा खात बसल्या होत्या. टरफलांचा ढीग बघून मला सगळं समजलं.

"आक्का, तुम्हांला दिसलं नाही?"

"पहिल्या दिवशींच दिसलं."

"मग सांगितलं का नाही?"

"परीक्षा चालली अहे ना. तीन दिवस बसलें अहें एथें. अस्के आले, गेले. कोणी अडखळलं नाही, कारण कोणी वाचलंच नाही." त्यांनी एक शेंग मला दिली. "आतां सांग पुणें, हे वाचणार कोण?"

त्या दिवशीच्या बैठकीत मी उभा राहून चूक कबूल केली. सेल्वी मॅडम आधी लाल झाल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. खंडेराव हसले नाहीत. पट्ट्या जागच्या जागी लागतील, म्हणाले, पण दर्शनी भिंतीवर 'सहर्ष स्वागत'च होणार. पाहुण्यांना तर वाचता येतं ना!

"पाहुणे एक दिवस," अंबुजाक्का म्हणाल्या. "आम्ही रोज."

"माझ्या जिवांत जीव असेपर्यंत तमिळ अक्षरांत मराठी त्या भिंतीवर येणार नाही, आक्का."

"सरि," अंबुजाक्का म्हणाल्या. सरि म्हणजे बरं. छत्री उचलून निघून गेल्या. इतक्या सहज बरं म्हटलेलं पाहून मीच घाबरलो. उद्‌घाटनाला दोन दिवस होते. 'सहर्ष'चं मूळ चित्र माझ्याकडे होतं, भिंतीवर दुसऱ्या कुणालाही काढता आलं असतं. खंडेरावांनी दोनदा मागितलं. मी दोनदा 'पाठवतो' म्हटलं आणि पाठवलं नाही. माझं धैर्य एवढंच.

उद्‌घाटन सकाळी अकराला. मी नऊला पोचलो तर दारासमोर तांदळाच्या पिठाचं भलंमोठं कोलम काढलेलं, केळीचे खांब उभे, नादस्वरमवाले कॉफी पीत बसलेले, आणि भिंतीला शिडी लावून अंबुजाक्का वर. ठेवणीतली जांभळी रेशमी साडी, पदर खोचलेला, डाव्या हातात रंगाचा डबा. पाचव्या पाटात 'आलांत' पुरं झालं होतं. खडूची खूण कुठेच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्या परीक्षेशिवाय रंगवत होत्या. सेल्वी मॅडम दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी आभाळाकडे पाहिलं.

खंडेरावांची गाडी आली. पुढच्या सीटवरून ते उतरले, मागे त्यांच्या थोरल्या बहीण, सोनाबाई. ऐंशीच्या पुढच्या, गुडघ्यांनी अधू, क्वचितच घराबाहेर पडणाऱ्या. खंडेरावांनी भिंतीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते कोलम तुडवत सरळ शिडीखाली गेले.

"आक्का, खालीं उतरा."

वर ब्रश चालू.

"आक्का, मी सांगतों उतरा. आत्तांच्या आत्तां."

अंबुजाक्कांनी मान वळवली. नाकाच्या शेंड्यावर रंगाचा ठिपका होता.

"खंडेराया, शिडी हलते अहे. धर."

आणि खंडेरावांनी शिडी धरली.

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं. अध्यक्ष, नेसलेली जरीकाठी वेष्टी, खांद्यावर अंगवस्त्र, दोन्ही हातांनी शिडी गच्च धरून उभे. लहानपणापासून वडीलधाऱ्या बाईने सांगितलेलं ऐकायची सवय हाडात मुरलेली, ती आधी पुढे आली. राग मागे राहिला. एकदा शिडी धरल्यावर सोडायची कशी? वर सत्तरीची बाई. सोडली तर पडेल. त्यांना हे कळलं, अंबुजाक्कांना तर आधीपासून माहीत होतं. त्यांनी मुळीच घाई केली नाही. 'आंत या' झालं. कडा नीट केल्या. 'बसा'च्या शेवटच्या वळणाला तर इतका वेळ लावला की नादस्वरमवाले येऊन बघत उभे राहिले. पाहुण्यांची गाडी येऊन थांबली, तेव्हाही अध्यक्ष शिडीलाच होते.

मी सोनाबाईंना हात देऊन गाडीतून उतरवलं. त्यांना पायऱ्यांपर्यंत आणलं आणि खुर्ची मागवली. त्या बसल्या नाहीत. भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. ओठ हलू लागले. तमिळ अक्षरं एकेक करून जोडत, सवय नसलेल्या माणसासारखी. पहिल्यांदा नुसतीच अक्षरं आली. दुसऱ्यांदा शब्द आला. मग त्यांनी माझा हात घट्ट दाबला.

"हें आमचं बोलणं," त्या म्हणाल्या. मग मोठ्याने, पुरं, एका दमात वाचलं. "आलांत? आंत या, बसा." आणि कुणी खरोखरच दारातून विचारल्यासारखं भिंतीला उत्तर दिलं. "आलें गे. आलें."

खंडेरावांनी ते ऐकलं. त्यांचे हात शिडीवरच होते, त्यामुळे डोळे पुसता येईनात. पाहुण्यांपैकी एक जण मला हळूच म्हणाले, काय लिहिलंय हो? मी म्हणालो, आत या, बसा. ते आत गेले आणि बसले. कोणी हसलं नाही.

अंबुजाक्का खाली उतरल्या, डबा माझ्या हातात दिला, पदर सोडला. सेल्वी मॅडम सत्काराची शाल घेऊन पुढे झाल्या तर त्यांना नुसतं हातानेच 'नंतर' म्हटलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या ओट्यावर जाऊन बसल्या. छत्री उघडली. आत भाषणं सुरू झाली. खंडेरावांनी आपलं भाषण छापील कागद खिशात ठेवून घरच्या मराठीत केलं, अडखळत, मज आणि तुज म्हणत. मी ते अर्धंच ऐकलं, कारण मी दारात उभा राहून बाहेर बघत होतो.

अंबुजाक्कांच्या निधनाची बातमी सेल्वी मॅडमनी गेल्या महिन्यात फोनवर दिली. भिंतीचा रंग उन्हाने जरा उडालाय, पाचवा पाट पुन्हा रंगवायचाय, तुमच्या संगणकावर ती ओळ आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणालो. ती माझ्याकडे कधीच नव्हती.

माझ्या डोळ्यांसमोर त्या आहेत त्या त्याच सकाळच्या. समोरच्या ओट्यावर, जांभळ्या साडीत, नाकावरचा ठिपका तसाच. रस्त्याने एक म्हातारी चालली होती, हातात फुलांची परडी. अंबुजाक्कांनी तिला हाक मारली आणि छत्रीच्या टोकाने भिंत दाखवली. इतक्या लांबून मला ऐकू येत नव्हतं, पण काय विचारलं ते मला माहीत होतं. म्हातारी थांबली, डोळ्यांवर हात धरून वाचू लागली. वाचून झाल्यावर तिने परडी खाली ठेवली आणि ती अंबुजाक्कांच्या शेजारी ओट्यावर बसली.